कोतवालाची शेपटी : उडत्या तुकडीचं चिन्ह कसं काढावं

वायुसेनेत मेजर हा हुद्दाच नाही. मी वीस वर्षं एअरफ्रेम फिटर होतो, म्हणजे विमानाचा सांगाडा, पत्रा, पंख, चाकं हे माझं काम, आणि सार्जंट म्हणून घरी आलो. तरी आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात मी ‘मेजर’च. फौजेतून आला तो मेजर, विषय संपला. अक्षर बरं होतं, हातात ब्रश बसायचा, म्हणून नोकरीभर बोर्ड रंगवायचं आणि विमानाच्या शेपटीवर चिन्ह काढायचं काम फिरून फिरून माझ्याकडंच यायचं. हे गावात कुणाला ठाऊक नसेल असं मला वाटत होतं.

दिवाळी झाली, सोयाबीन निघालं, वावरं मोकळी झाली, आणि शाळेतले बारा पोट्टे-पोट्टी दारात उभे. थर्माकोलची ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, उडवणारा त्यांचा गट आहे.

“मेजर, आमच्या स्क्वाड्रनले पॅच पाह्यजे.”

स्क्वाड्रन म्हणजे विमानांची तुकडी, आणि पॅच म्हणजे कपड्याला लावायचा भरतकामाचा बिल्ला. एकानं मोबाईल पुढं केला. चित्रात गरुड, गरुडाच्या पायात तलवार, मागं वीज, खाली ज्वाळा, दोन्ही बाजूंना बंदुका, वरून तिरंगा, आणि नाव ‘स्कॉर्पियन फोर्स’. विंचू तेवढा कुठं नव्हता.

“काऊन बाप्पा, लग्नाची पत्रिका छापायची हाय का?” मी म्हटलं.

त्या दिवसापासून पॅच हातात पडेपर्यंत अडीच महिने गेले. त्यात काय काय केलं ते इथं लिहितो. कुणाला एनसीसीच्या हवाई शाखेच्या कॅम्पसाठी, माजी वायुसैनिकांच्या मेळाव्यासाठी किंवा असल्याच पोरांच्या गटासाठी चिन्ह काढायचं असेल तर कामी येईल. आणि नागपूरला वायुसेना नगरात कधी एअर शो बघायला गेलात, तर विमानाच्या शेपटीवर नुसतं ‘कायतरी काढलंय’ असं न म्हणता ते वाचता येईल.

आधी पेन्सिल खाली ठेवा

पहिला प्रश्न चित्राचा नसतो. ही तुकडी करते काय, हा असतो. तुकडीचं काम एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, त्यात ‘शौर्य’ आणि ‘पराक्रम’ हे शब्द न वापरता. ते सगळ्याच तुकड्यांत असतात, त्यांनी ओळख पटत नाही.

ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सची ९ नंबरची स्क्वाड्रन रात्री बॉम्बफेक करायची. तिच्या चिन्हात वटवाघूळ आहे आणि बोधवाक्याचा अर्थ ‘रात्रीतून आम्ही उडतो’ असा. आमच्याकडं वटवाघूळ घरात शिरलं की बाया झाडू घेऊन मागं लागतात, छातीवर कोण लावेल? पण रात्रीच्या वैमानिकांना त्याच्यासारखा दुसरा भिडू नाही.

त्यांचीच ६१७ नंबरची स्क्वाड्रन. १९४३ च्या मे महिन्यात या तुकडीनं जर्मनीतली मोने आणि एडर ही धरणं फोडली. चिन्हात काय आहे? मधोमध तुटलेली भिंत, वरून तीन विजा, खिंडारातून बाहेर येणारं पाणी. गरुड नाही, तलवार नाही. एका रात्री केलेलं काम तेवढं काढलं.

आपली ५ नंबरची स्क्वाड्रन १९४८ साली उभी राहिली ती लिबरेटर विमानांवर. चार इंजिनांचं जड बॉम्बर. महायुद्ध संपल्यावर कानपूरला मोडून टाकलेली ही विमानं आपल्या लोकांनी दुरुस्त करून पुन्हा उडवली. तुकडीचं नाव टस्कर्स, चिन्ह हत्ती. पुढं लिबरेटर गेलं, कॅनबेरा आलं, मग जग्वार आलं, हत्ती मात्र जागचा हलला नाही. म्हणून माझा एक हट्ट आहे: चिन्हात विमानाचं चित्र काढू नका. विमान पंचवीस-तीस वर्षांत भंगारात जातं, तुकडी राहते.

पोरांना मी फळ्यावर त्यांचं काम लिहायला लावलं. जे आलं ते असं: ‘बांधावरून फेकतो.’ ‘बाभळीत अडकते.’ ‘काढतो.’ ‘नाकाले माती लावतो.’ ‘पुन्हा फेकतो.’ आणि सातवीतल्या एका पोट्टीनं शेवटी लिहिलं, ‘घार पाह्यले येते.’ हे खरं आहे. ग्लायडर वर तरंगायला लागलं की घार हमखास येते, वरून दोन फेऱ्या मारते आणि निघून जाते. त्या ओळीकडं तेव्हा मी लक्ष दिलं नाही.

चित्र कुठून आणायचं

मला सगळ्यात आवडतं ते चिन्ह ना आपलं आहे, ना इंग्रजांचं. पोलंडच्या लोकांचं आहे. १९४० साली ब्रिटनवर जर्मन विमानं चालून आली तेव्हा पोलंडमधून निसटून आलेले वैमानिक हरिकेन विमानं घेऊन लढले. त्यांची ३०३ नंबरची स्क्वाड्रन. तिच्या गोल चिन्हात लाल टोपी आणि एकमेकांवर ठेवलेली दोन पाती. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ती तलवारीची पाती वाटली. ती गवत कापायच्या लांब दांड्याच्या विळ्याची आहेत.

त्याचं असं झालं. १७९४ साली पोलंडमध्ये कोशचुश्को नावाच्या सेनापतीनं रशियाविरुद्ध उठाव केला. बंदुका पुरेनात. शेतकऱ्यांनी घरचे विळे आणले, पातं दांड्याला आडवं असतं ते सरळ उभं ठोकून घेतलं, झाला भाला. रात्सुवावित्सेच्या लढाईत हेच शेतकरी तोफांवर धावून गेले. लाल चौकोनी टोपीही त्याच भागातल्या शेतकऱ्यांची. आणि पाठीमागं चिन्हात तेरा पट्टे आणि तेरा तारे आहेत, ते अमेरिकेचे. कारण पहिल्या महायुद्धानंतर पोलंडसाठी उडायला जे अमेरिकन स्वयंसेवक आले त्यांनी या तुकडीच्या आधीची, कोशचुश्कोच्या नावाची तुकडी बांधली, त्यांच्यातल्याच एका वैमानिकानं हे चिन्ह काढलं, आणि कोशचुश्को तरुणपणी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढून आला होता. एवढा सगळा हिशेब तळहाताएवढ्या गोलात बसवला आहे, आणि तरी लांबून बघणाऱ्याला फक्त टोपी आणि दोन पाती दिसतात. ज्याला माहीत आहे त्याला बाकीचं दिसतं.

मुद्दा एवढाच की चित्र आपल्या माणसांच्या हाताखालच्या वस्तूतून आलं की टिकतं. आपल्याकडं नौदलाच्या ध्वजावर २०२२ पासून अष्टकोन आहे, तो शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला. परमवीर चक्रावर इंद्राचं वज्र चार वेळा आहे, दधीची ऋषींनी हाडं दिली ते वज्र. आणि ते पदक रेखाटलं सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्मानं त्या युरोपातल्या, एका मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इकडच्या झाल्या, संस्कृत शिकल्या, पुराणं वाचली. बाहेरून आलेल्या बाईला आपल्या पोथीत वज्र सापडतं आणि आपण मोबाईलवर गरुड शोधतो, हे मी पोरांना बोललो. थोडं जास्तच बोललो. ती जांभया द्यायला लागली.

मग बैल निघाला. निघणारच. आमचा भाग गवळाऊ जातीचा, पांढरा-करडा, लांब तोंडाचा, आखूड शिंगांचा, चालायला चपळ. मराठ्यांच्या फौजा सामान वाहायला हेच बैल वापरत असं जुने लोक सांगतात आणि जनावरांच्या पुस्तकांतही तसं लिहिलेलं आहे. मी खूश झालो. आपल्या वायुसेनेची १४ नंबरची स्क्वाड्रन बुल्स म्हणूनच ओळखली जाते, जग्वार विमानं पहिल्यांदा तिलाच मिळाली. पण तिथं एक बारीक गोष्ट आहे, ती शहरातला चित्रकार चुकतो. बुल म्हणजे वळू. बैल नव्हे. बैल खच्ची केलेला असतो, नांगराला जुंपायचा. धावून येणारा, शेपूट वर, मान खाली, तो वळू. शिवाय इंटरनेटवर सापडतो त्या वळूला वशिंड नसतं, तो तिकडचा. आमचं पोरगं वशिंडाशिवायचा वळू काढून घेऊन आलं. त्याच्या आज्यानं तो कागद बघून विचारलं, “हा रेडा कोनाचा?”

वळूवर माझं मत पडलं, सात पोरं माझ्या बाजूची. मग ती घारीवाली पोट्टी म्हणाली, “पन वळू उडते का?”

तिनं कोतवाल सुचवला. कोतवाल पक्षी म्हणजे तो काळा, गायीम्हशींच्या पाठीवर बसून फिरणारा, तारेवर दिसतो तो. शेपटीला माशासारखा फाटा. वीतभरापेक्षा थोडा मोठा. त्याच्या घरट्याजवळ घार येऊ द्या, कावळा येऊ द्या, शिक्रा येऊ द्या, हा एकटा वर चढतो, मागून येतो आणि पाठीवर चोची मारत शिवेपर्यंत सोडून येतो. इतर लहान पाखरं याच्या आसऱ्यानं त्याच झाडावर घरटी बांधतात, म्हणून तर नाव कोतवाल. ती म्हणाली, “घार आपल्या ग्लायडरवर आली का कोतवाल तिच्या मांगं लागते. मी पाह्यलं दोनदा.”

मी गप्प झालो. लहान विमान मोठ्याला मागून गाठतं, ही तर आमच्या नॅटची गोष्ट. १९६५ च्या युद्धात त्या चिमुकल्या विमानानं पाकिस्तानची सेबर विमानं पाडली, लोक त्याला सेबरचा काळ म्हणायला लागले. १९७१ साली १४ डिसेंबरला श्रीनगरवर हल्ला झाला तेव्हा निर्मलजितसिंग सेखों नॅट घेऊनच वर गेले आणि परत आले नाहीत. वायुसेनेतलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. हे सांगितल्यावर मात्र कुणी जांभई दिली नाही. वळू मागं पडला. माझा तर तो आवडता होता, अजूनही आहे.

रेघ

माझे वडील सुतार. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी करायचे, चाकावरचे, पोरांनी दोरीनं ओढायचे. सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्यात जे मोठमोठे नंदी निघतात तसले नाही, हातभर उंचीचे. ते रंग लावायच्या आधी नंदी ओसरीत ठेवायचे, दिवा मागं ठेवायचे आणि भिंतीवर पडलेली सावली बघायचे. सावली बैलाची वाटली तर पास. तिच्यात गाढव दिसलं तर पुन्हा रंधा.

चिन्हाची परीक्षा हीच. चित्र कोळशानं भिंतीवर काढा, आतून पूर्ण काळं भरा, डोळा-नाक-पिसं काही नको. वीस पावलं मागं जा. काय आहे ते अनोळखी माणसाला विचारा, तुमच्या गटातल्या पोराला नको. नंतर तेच रुपयाच्या नाण्याएवढं काढून हातभर अंतरावरून दाखवा.

हे चोचले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि आपल्या विमानांच्या पंखांवर निळ्या-पांढऱ्या कड्यांच्या मधे लाल ठिपका असायचा. जपानी विमानावर नुसता लाल गोळा. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लांबून बघणाऱ्या तोपचीला दोन्हीत लालच दिसायचं, आणि आपल्याच तोफा आपल्याच विमानावर चालण्याची भीती. म्हणून त्या आघाडीवर लाल पुसून टाकला, गडद निळा आणि फिका निळा एवढंच ठेवलं. अमेरिकेनंही १९४२ मध्ये आपल्या ताऱ्यातला लाल ठिपका काढला.

कोतवालाची पहिली तीन चित्रं कावळा झाली. पोरं चोच आणि डोळा नीट करत बसली, आणि कोतवालाची ओळख तर शेपटीत आहे. चौथ्या वेळी मी सांगितलं, शेपटीपासून सुरुवात करा. शरीराएवढीच लांब शेपटी, खाली येता येता रुंद होणारी, टोकाला खोल खाच, आणि दोन्ही फाटे किंचित बाहेर वळलेले. मग पाठ, मग डोकं, पंख सगळ्यात शेवटी. पंख दोन्ही बाजूंना पसरले की पुन्हा तो सगळ्या जगाचा गरुड होतो, म्हणून वर उचललेले, एकामागं एक, झेप घेतानाचे. शेतात नेऊन पोरांना खरा कोतवाल दाखवला तेव्हा त्याचा डोळा गडद तांबूस असतो हे त्यांनी शोधलं. चोचीच्या कोपऱ्यात पांढरा ठिपकाही असतो. डोळा लाल करून ठेवला, ठिपका सोडला, नाण्याएवढ्या चित्रात तो नुसता डाग वाटतो.

तोंड कुणीकडं? युरोपातल्या जुन्या ढालींच्या रीतीत प्राण्याचं तोंड ढाल धरणाऱ्याच्या उजवीकडं, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडं. पॅचवर तीच रीत पाळा, बिघडत काही नाही. विमानावर मात्र एकच नियम: दोन्ही बाजूंनी तोंड विमानाच्या नाकाकडं. यात माझी फजिती झालेली आहे. शेपटीच्या डाव्या अंगाला स्टेन्सिल, म्हणजे कापलेला साचा, लावून जनावर काढलं, छान आलं. दुसऱ्या दिवशी उजव्या अंगाला तोच स्टेन्सिल तसाच लावला. दोन पावलं मागं गेलो तर जनावर विमानाच्या शेपटीकडं तोंड करून निघालेलं. वॉरंट ऑफिसर आले, बराच वेळ बघत राहिले, म्हणाले, “ये किधर भाग रहा है?” पूर्ण दिवस घासकाम केलं. स्टेन्सिल उलटा करून लावायचा असतो. आमच्या पोरांनी हे नीट लक्षात ठेवलं, आणि अक्षरांचाही स्टेन्सिल उलटा लावला.

कडं आणि काय घालायचं नाही

आपल्या स्क्वाड्रनच्या चिन्हाची ठेवण ठरलेली असते: मधे गोलात चित्र, भोवती कडं आणि त्यात तुकडीचं नाव, वर अशोकस्तंभाचे सिंह, खाली फितीवर बोधवाक्य. इंग्रजांच्या काळात वर राजमुकुट होता, स्वातंत्र्यानंतर तिथं सिंह आले. गोल आकार घ्या, सोयीचा आहे, टोकं उसवत नाहीत.

सिंह मात्र घेऊ नका. राज्यचिन्हाच्या गैरवापरावर २००५ चा कायदा आहे, आणि शाळेच्या गटाला, अकादमीला, दुकानाला ते वापरायची मुभा नाही. खऱ्या स्क्वाड्रनचा पॅच बाजारात मिळतो म्हणून तो छातीला लावून गणवेशासारखे कपडे घालून हिंडणं हेही करू नका, सैनिकाचा पेहराव करून लोकांना सैनिक असल्याचं भासवणं हा गुन्हा आहे. आमच्या भागात भरतीच्या तयारीची पोरं पहाटे रस्त्यावर धावतात, त्यांच्यापैकी दोघा-तिघांना मी हे रस्त्यात थांबवून सांगितलं आहे. ऐकतात असं नाही.

रंग तीन. फार तर चार. आमचे: काळा पक्षी, पांढरी जमीन, लाल डोळा, आणि कडं पिवळट, वाळल्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या रंगाचं, कारण पोरं सोयाबीन निघालेल्या वावरातच उडवतात. एकजण निळं आभाळ मागत होता. निळ्यावर काळं लांबून दिसत नाही, दाखवल्यावर पटलं.

बोधवाक्य

‘नभःस्पृशं दीप्तम्’ हे वायुसेनेचं बोधवाक्य गीतेच्या अकराव्या अध्यायातल्या चोविसाव्या श्लोकातलं. मी वीस वर्षं ते टोपीपासून गेटपर्यंत बघितलं आणि अर्थ सांगायचो, ‘आभाळाला भिडणारं, तेजस्वी’. निवृत्तीनंतर आमच्या हरिपाठातल्या एका बुवांनी पूर्ण श्लोक म्हणून दाखवला. तो अर्जुन बोलतो आहे, विश्वरूप बघून. पुढच्याच ओळीत म्हणतो की तुला बघून माझा जीव हादरला, धीर सुटला. म्हणजे हे शब्द उडणाऱ्याचे नाहीत, खालून मान वर करून बघणाऱ्याचे आहेत. तेव्हापासून मला ते बोधवाक्य दुप्पट आवडतं.

संस्कृत घ्यायचं तर जाणत्याकडून तपासून घ्या. विसर्ग, अनुस्वार, पाय मोडलेला म् यातलं एक चुकलं तरी ते धाग्यानं विणून पन्नास जणांच्या छातीवर जातं. आणि लहान ठेवा. ७ नंबरच्या स्क्वाड्रनचं ‘शत्रून् जहि’, दोन शब्द, शत्रूंना मार. तिचं नाव बॅटल अ‍ॅक्सेस, चिन्हात कुऱ्हाड. चित्र आणि वाक्य एकाच दिशेला बघतात.

पोरांनी आणलेली वाक्यं: ‘गरुडझेप’ (पक्षी कोणता ठरला होता?), ‘आकाश आमचे’, ‘जिद्द हीच ताकद’. मी विचारलं, कोतवाल घारीचं काय करतो? एकदम चार आवाज आले, “मांगं लागते!” मग तेच घ्या म्हटलं. ‘घारीमागं’.

गुरुजी म्हणाले, शाळेचं नाव आहे, ‘घारीमागे’ असं शुद्ध लिहा. पोरं अडून बसली, आपण बोलतो तसंच पाहिजे. मी पोरांच्या बाजूचा. निकाल शेवटी भरतकामाच्या मशीननं दिला: सहा मिलिमीटरच्या अक्षरावर अनुस्वाराचा टिंब शिरोरेषेत बुडून गेला आणि ‘घारीमाग’ एवढंच उरलं. मात्रा जाड असते, ती तरली. ‘घारीमागे’ झालं.

धागा आणि रंग

तालुक्याच्या गावात कॉम्प्युटर भरतकामाचं दुकान आहे, शाळेच्या गणवेशांचे बिल्ले करतं. पॅच नऊ सेंटिमीटरचा. कागदावरचं चित्र दिलं की ते लोक त्याची मशीनची फाईल बनवतात, तिचे पैसे एकदाच लागतात, मग नगावर भाव. पहिला नमुना बघितल्याशिवाय पूर्ण ऑर्डर देऊ नका. मी दिली. पंचवीस पॅच आले आणि पंचवीसही कोतवालांच्या शेपटीचा फाटा बुजलेला. कावळा परत आला!

दुकानदाराचा दोष निम्माच. धागा कापडाला आपल्याकडं ओढतो, म्हणून कागदावर दोन मिलिमीटर असलेली फट कापडावर मिटते. फट चार मिलिमीटरची केली, फाटे थोडे जास्त बाहेर वळवले, तेव्हा शेपटी उघडली. एक मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ धाग्यात धरवत नाही, पिसांच्या रेघा काढण्यात अर्थ नाही. खाली जाड पेस्टिंग, म्हणजे कडक अस्तर, घालायला सांगा, नाहीतर गोल कडं धुतल्यावर पापडासारखं आक्रसतं. वेल्क्रो लावणार असाल तर काट्याची बाजू पॅचला आणि मऊ बाजू कपड्याला, उलट केलं की धुताना बाकीचे कपडे त्या काट्यांना चिकटून बसतात.

ग्लायडरवर चिन्ह रंगवायचं तर स्टेन्सिल जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा करा, दवाखान्यातली फिल्म प्रत्येक घरात सापडते. ब्लेडनं कापा, डोळ्याचा गोळा सुटून पडू नये म्हणून एक बारीक पट्टी जोडून ठेवा. रंग स्पंजानं टिपायचा, ब्रशनं ओढला की कडेखाली शिरतो. आणि थर्माकोलवर स्प्रेचा डबा कधीच मारू नका. आमच्या एका पोरानं हौसेनं मारला, शेपटी त्याच्या डोळ्यांसमोर फेसासारखी विरघळली. पाण्यात कालवायचा पोस्टर रंग घ्या, पातळ, एकच हात.

एकच हात का, तर वजन. दोघांनी शेपटीवर चांगला तीन हात रंग दिला. ग्लायडर फेकलं की नाक वर, एक उचकी, आणि धप्प. शेपटी जड झाली होती, नाकाला आणखी माती लावली तेव्हा सरळ गेलं. हे खेळण्यातच होतं असं समजू नका. खऱ्या विमानात रडरसारख्या (शेपटीचं उभं सुकाणू) हलत्या भागावर नवा रंग चढला तर त्याचा तोल पुन्हा तपासावा लागतो, मागची बाजू जड झाली तर वेगात तो भाग फडफडायला लागतो आणि ते फडफडणं विमान मोडू शकतं. आम्ही चिन्ह शेपटीच्या न हलणाऱ्या भागावर काढायचो ते त्यामुळंच.

वहीत लिहून ठेवा

हे काम कुणी करत नाही. जुन्या रीतीत चिन्हाचं खरं रूप चित्रात नसतं, शब्दांत असतं. फाईल हरवते, पॅच विटतो, नवा चित्रकार येतो आणि आपल्या मनानं शेपटी बदलतो. वर्णन लिहिलेलं असलं की वीस वर्षांनीही तेच चिन्ह पुन्हा काढता येतं. आमचं त्या घारीवाल्या पोट्टीनं लिहिलं, मी फक्त मापं घातली, आणि शाळेच्या नोंदवहीत ते चिकटवलं आहे:

‘पांढऱ्या गोलात काळा कोतवाल, बघणाऱ्याच्या डावीकडे झेप घेताना. पंख वर, एकामागे एक. शेपटी अंगाएवढी लांब, टोकाला दोन फाटे बाहेर वळलेले, मधली खाच शेपटीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, कधीही बुजू देऊ नये. डोळा लाल. भोवती कुटाराच्या रंगाचे कडे, त्यात काळ्या अक्षरांत गावाचे नाव. खाली फितीवर: घारीमागे. घार चित्रात काढायची नाही. ती पुढे पळाली आहे.’